शेवटून चौथी काठी

अर्धे मटार सोलून झाले होते, अर्धे परातीत तसेच पडले होते, तेवढ्यात टीव्हीवर बर्फाच्या डोंगरावरून शेवटचा खेळाडू निघाला. "निघाला, बाबा," ती म्हणाली आणि हातातली शेंग हातातच राहिली.

शेजारच्या खुर्चीत सासरे सरसावून बसले. तोंड टीव्हीकडे होतं, पण ते नुसतं सवयीने. काचबिंदूने दोन वर्षांत त्यांची नजर पार पुसून नेली होती. त्याच सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं, की आता थेंब घालूनही उपयोग नाही. गेलेलं परत येणार नाही. त्यावर बाबा एवढंच बोलले, "बरं. मग लवकर घरी चला. दुपारी आपल्या गड्याची दुसरी फेरी आहे."

हा आपला गडी कुठल्याशा उष्ण देशातून हिवाळी खेळांच्या जागतिक स्पर्धेला एकटाच आला होता. त्याच्या देशात बर्फ सापडायचा तो फ्रीजमध्ये. पायांत लांब पट्ट्या बांधायच्या आणि उतारावर रोवलेल्या लाल-निळ्या काठ्यांमधून वळणं घेत खाली यायचं, अशी ती शर्यत. पहिल्या फेरीत तो सगळ्यांच्या मागून आला, पण आला. बाबांनी त्याला तेव्हाच दत्तक घेतलं. "पहिल्याला बघायला सगळं जग बसलंय," ते म्हणाले, "शेवटच्याला आपण बघू."

बघू हा शब्द ते अजून खुशाल वापरायचे, कारण बघायला सून होती.

चौतीस वर्षं ते कारखान्यात लेथवर होते. टर्नर. पोलादावर हत्यार चालताना चार मशीनं पलीकडून ओळखायचे, की अमक्याच्या हत्याराची धार गेली, तमक्याचा मशीनवर लावलेला जॉब हलतोय. डोळे गेले तरी तो कान शाबूत होता. इमारतीत कुणाचा पंखा कुरकुरला, कुणाचा पंप धापा टाकू लागला, की माणसं आधी बाबांना न्यायची आणि मग मेकॅनिकला. बाबांना त्याची घमेंड नव्हती, पण बोलावणं आलं की शर्ट मात्र इस्त्रीचा घालायचे.

टीव्हीवरचं समालोचन कुठल्या परक्या भाषेत चालायचं, देव जाणे. दोघांना ओ का ठो कळायचं नाही. म्हणून सांगायचं काम हिच्याकडे. पहिल्या दिवशी तिने "अय्या, किती सुंदर!" म्हटलं, तर ओरडाच बसला. "सुंदर म्हणजे किती? मापात सांग. गुडघा किती वाकला? हात कुठे?" मग ती मापात सांगायला शिकली. "घसरगाडीवर उताणा झोपलाय, पाय पुढे, तळहाताएवढ्या फटीतून बघतोय, आणि जिन्यावरून डबा घरंगळावा तसा चाललाय." एका खेळात गुळगुळीत दगड सरकवायचे आणि दोघांनी त्याच्यापुढे बर्फ झाडत पळायचं, हे तिने सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "त्यांना पत्ता दे आपला. जिना महिनाभर कुणी झाडला नाहीये." दोघं पोट धरून हसले. पंधरा वर्षांच्या संसारात सासऱ्यांशी ती एवढी कधी बोलली नव्हती. सकाळी देवापुढे हात जोडताना ती त्याबद्दल वेगळे आभार मानायची.

तर तो शेवटचा गडी निघाला. बर्फावर पट्ट्यांच्या कडा घासल्याचा आवाज येऊ लागला, खर्र, खर्र, खर्र, एकसारखा. बाबांची मान त्या लयीवर हलत होती. "छान कापतोय," ते पुटपुटले. मग एकदम चर्र झालं, आणि पुढे काहीच नाही.

"पडला?" बाबांनी विचारलं.

तो पडलाच होता. एक पट्टी पायातून निसटून लांब गेली होती, आणि तो पाठीवर घसरत जाळीला जाऊन थडकला होता. तिने बाबांकडे पाहिलं. सकाळी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिचा दंड धरलेली त्यांची बोटं तिला आठवली, आणि तोंडातून निघून गेलं, "नाही हो. सावरला. पोचला खाली."

"पोचला?"

"पोचला ना. हात वर केलेत."

"वा." पण चेहरा काही खुलला नाही. थोड्या वेळाने त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "मला वाटलं कड सुटली. साफ ऐकू आली."

"भास झाला असेल," ती म्हणाली आणि भराभरा मटार सोलू लागली.

पहिल्या खोट्याला देवाने माफ केलं असतं, असं तिला पुढे वाटत राहिलं. हे दुसरं जड होतं.

दुसऱ्या दिवशीपासून बाबा गप्प. एरवी बर्फावर नाचणाऱ्या मुली उडी मारून टेकल्या, की हिच्या आधीच ते सांगायचे, "दोन्ही पायांवर आली, मार्क कापणार." आता नुसते ऐकून घ्यायचे. तिने मुद्दाम विचारलं, "बाबा, आत्ता कशी टेकली, ओळखा पाहू?" तर म्हणाले, "तू बघत्येस ना? मग तूच सांग."

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई आल्या. दम लागलेला, गळ्यात टेप तशीच. "बाबा, माझं मशीन टाके सोडतंय. आणि टकटक वाजतंय कुठेतरी. चला ना जरा, शाळेचे बारा युनिफॉर्म पडलेत."

"मेकॅनिकला बोलवा, बाई."

"अहो, तो येऊन गेला! म्हणतो नवीन घ्या. त्याचं काय जातंय सांगायला!"

"माझा कान गेला आता," बाबा शांतपणे म्हणाले. "डोळे गेले, मग कान. मशीनचं असंच असतं, एक भाग गेला की दुसऱ्यावर भार येतो. उगाच भलतंच सांगायचो आणि तुमचं नुकसान व्हायचं."

शिंपीणबाईंनी हिच्याकडे पाहिलं. त्या हात हलवत परत गेल्या. दार लावून ती आत गेली, देवापुढे उभी राहिली, आणि हात जोडायला वर उचललेच जाईनात. बरं वाटावं म्हणून बोलले, हे बाहेर कुणालाही सांगता आलं असतं. इथे कुणाला सांगणार?

ती बाहेर आली आणि खुर्चीसमोर जमिनीवर बसली.

"बाबा, तो पडला होता."

"कोण?"

"आपला गडी. मी खोटं बोलले. तुमचा कान बरोबर होता."

 एकदम साहेबी आवाजात प्रश्न आला, "कितव्या काठीला?"

"शेवटून चौथ्या."

"कुठल्या पायावर भार होता?"

"डाव्या. आणि तोच बाजूला निसटला."

"म्हणजे कड सुटली!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "तेच म्हटलं मी! तेच ऐकलं!" आणि लगेच आवाज चढला. "तुला काय वाटलं गं, एक पोरगा पडला तर मी उन्मळून पडेन? डोळे गेले ते दुखण्याने गेले, त्यात कुणाचा दोष नाही. कान तू काढून घेतलास माझा! दोन रात्री मी भिंतीवरच्या घड्याळाचे टोले मोजतोय, की बरोबर ऐकू येतायत का नाही!"

ती रडू लागली. बाबांनी रडू दिलं. गप्प हो म्हणाले नाहीत, असू दे म्हणाले नाहीत. रडणं ओसरल्यावर विचारलं, "मग पुढे काय केलं त्याने? पडल्यावर?"

"उठला. पट्टी शोधून आणली, खांद्यावर टाकली आणि कडेकडेने चालत खाली आला."

"लंगडत?"

"थोडा. डावा पाय."

"लोक?"

"लोक टाळ्या वाजवत होते. त्याने टोपी काढून हलवली. हसत होता, बाबा. हे मी मापात सांगत्येय."

"आणि एवढं सगळं तू मला सांगितलंच नाहीस," ते म्हणाले. मघाचा राग त्यात उरला नव्हता, हळहळ होती. "मी काय, 'पोचला' एवढ्यावरच बसलो होतो." त्यांनी चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि केसांवर हात ठेवला. "सांगितलंस ते बरं केलंस. उद्यापासून पडला तर पडला म्हणायचं."

"हो, बाबा."

मग त्यांनी फोन मागितला आणि शिंपीणबाईंना लावायला सांगितला. "बाई, फोन मशीनपाशी धरा आणि रिकामं चालवा. हळू. आता जोरात." ऐकत राहिले. "बॉबिनच्या केसचा स्क्रू ढिला झालाय, बाई. नवीनबिवीन काही घेऊ नका." पलीकडून शिंपीणबाई काय म्हणाल्या ते हिला कळलं नाही, पण बाबांनी मान खाली घातली, आणि खूप दिवसांनी ते लाजले.

ती आत जाऊन देवापुढे उभी राहिली. या खेपेला हात जोडले गेले. माफी मागायची होती, पण तोंडातून आधी आभारच बाहेर पडले: बाबा रागावले म्हणून, आणि तो लांबचा पोरगा स्वतःच्या पायांनी खाली आला म्हणून.

"आणि तुझा तो मिक्सर!" बाहेरून हाक आली. "परवापासून बोंबलतोय. खालचा रबरी कपलर झिजलाय. म्हटलं आपल्यालाच भास होतोय, म्हणून बोललो नाही."

तिने मिक्सरचं भांडं उचलून पाहिलं. कपलरचे दात खरंच गोल झाले होते.

"बाबा, नाचणाऱ्यांचं चारला आहे ना?"

"चारला. तोवर येशील?"

"येते." तिने झिजलेला कपलर रुमालात गुंडाळला, पायात चपला सरकवल्या, आणि नवा आणायला कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाकडे निघाली.