पत्रकाखालचा पत्ता

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात माझं पत्रक होतं. पिवळा कागद, चार घड्या. तिसऱ्या मजल्यावर, बंद पडलेल्या लिफ्टच्या दाराला टेकून तो उभा होता. संध्याकाळचे साडेसहा झाले असतील.

"दादा, जरा सरकता का?" मी म्हटलं.

तो सरकला. वीतभर.

मुलींनी स्वतःचं रक्षण कसं करावं, यावर ते पत्रक मीच लिहिलं होतं. शाळेच्या हॉलमध्ये रविवारी स्वसंरक्षणाच्या क्लासला शिकले होते तेच चार मुद्द्यांत मांडलं होतं: अंतर ठेवा, हात मोकळे ठेवा, ओरडा, पळा. वडिलांनी साकीनाक्याच्या कारखान्यात युनियनचं काम केलं. आमच्या घरात मी वाचायला शिकले ते 'कामगार बंधूंनो' या शब्दांपासून. त्यांचा नियम एकच होता. खाली नाव-पत्ता नसेल तर ते पत्रक नव्हे, अफवा. म्हणून मीही खाली छापलं: नाव, इमारत, चौथा मजला, खोली नंबर. घाटकोपरला मेट्रोच्या जिन्याखाली उभं राहून दोन गठ्ठे वाटले.

मुलींना सावध करायच्या कागदावर मी स्वतःचं दार छापलं होतं.

तो दर मंगळवारी आणि गुरुवारी येऊ लागला. बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "चौथा मजला ना?" जणू मीच रस्ता चुकले होते आणि तो मला सांगत होता. वॉचमनला सांगितलं, तर तो म्हणाला, "काही केलं का त्यानं?"

"उभा राहतो."

"मग उभं राहायला बंदी आहे का, ताई?"

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी माझं पत्रक समोर घेऊन स्वतःची परीक्षा घेतली. अंतर ठेवा. आमच्या जिन्यात दोन माणसं एकमेकांना खांदा न लावता जाऊ शकत नाहीत. हात मोकळे ठेवा. माझ्या एका हातात बॅग आणि डबा, दुसऱ्यात फोन, दातांत किल्ली. पळा. कुठे? वर घर, वाटेत तो. उरलं ओरडणं.

सगळं ऐकून आईनं ओट्यापाशीच माझं मनगट धरलं. आयुष्यभर पॅकिंगचं काम केलेली बोटं. "हां, आता मार बघू बोंब."

"आई, सोड ना. प्लीज."

"प्लीज? तेका पण प्लीज म्हणतलंस?"

बाहेरून वडील म्हणाले, "माईक दे तिला. मग बघ, तासभर थांबणार नाही."

मला हसू आलं. मग खरंच ओरडायला तोंड उघडलं आणि गळ्यातून हवा आली, नुसती हवा. सभांमध्ये मी दीडशे माणसांसमोर न घाबरता बोलले आहे. स्वतःसाठी आवाज काढायची वेळ आली आणि माझा गळा माझा नव्हता.

मग रोज सकाळी सराव. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कुकरची शिट्टी होईपर्यंत थांबायचे आणि त्या आवाजात ओरडायचे, "मागे हो! सोड!" आई मनगट धरायची, मी सोडवून घ्यायचे. पंधरा दिवसांत आवाज पोटातून येऊ लागला. किल्ली खिशात गेली, डबा बॅगेत, बॅग पाठीवर. 'दादा' म्हणणंही बंद केलं. सगळ्यात अवघड तेच होतं.

पुढच्या गुरुवारी तो सरकलाच नाही. मी वळसा घालून जाऊ लागले तेव्हा त्यानं बॅगेचा पट्टा धरला.

मी ओरडले. दोनदा, तीनदा. सगळा जिना दणाणला. कुठेतरी टीव्हीचा आवाज कमी झाला. म्हणजे ऐकू गेलं होतं. पण एकही कडी निघाली नाही. आमची चाळ होती तेव्हा कप फुटला तरी गॅलरीत सहा डोकी यायची. ती चाळ पाडून त्याच माणसांना या इमारतीत आणलं. माणसं तीच, दारं नवी.

वरून आईच्या सपाता वाजल्या. त्यानं पट्टा सोडला. "मुद्दा तिसरा," तो हळू म्हणाला. "बरोबर केलंस." आणि घाई न करता उतरून गेला.

चौकीत तक्रार लिहून दिली. परत आल्यावर मी आमच्या मजल्यावरचं एकेक दार वाजवलं. समोरच्या काकूंनी मान खाली घातली. "अगं, रोज सकाळी तुझ्या घरातून तेच ऐकू येतं ना. सोड, सोड. आम्हाला वाटलं, तुमचं घरातलं चालू आहे. मध्ये कशाला पडायचं?"

मला दोनदा मारल्यासारखं झालं. मी सराव लपवला, म्हणून माझी खरी बोंब त्यांना घरचं भांडण वाटली. आणि घरचं भांडण असेल तर एखादी मुलगी रोज सकाळी 'सोड' म्हणत राहिली तरी चालतं, हे पंधरा दिवस सगळ्या मजल्याला मान्य होतं.

रविवारी सगळ्यांना सांगून जिन्यात उभी राहिले. जाळीचं दार बंदच ठेवा, म्हटलं, पण आतलं उघडा, दिवा लावा, मोठ्यानं विचारा, कोण आहे. पहिल्या वेळी ओरडले तेव्हा सातांतली दोन दारं उघडली. दुसऱ्या वेळी पाच. एक अजून उघडत नाही.

नव्या पत्रकात पहिला मुद्दा बदलला: शेजाऱ्यांना तुमचा आवाज आधीच ओळखीचा करून द्या. आई म्हणाली, पत्ता काढ. वडिलांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. मी माझं नाव ठेवलं, खोली नंबर काढला. वडिलांच्या नियमापेक्षा मोठी गोष्ट असते, हे त्यांच्यासमोर कबूल करणं जड गेलं. तसाही, ज्याला तो नंबर हवा होता त्याच्याकडे तो आहेच.

तीन आठवडे तो दिसला नव्हता. काल क्लासवरून येताना तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराच्या फटीत पिवळा कागद खोचलेला दिसला. चार घड्या. तिसऱ्या मजल्यावर कुणी नव्हतं, पण खालच्या वळणावर चप्पल घासल्यासारखं वाजलं आणि थांबलं.

मी बॅग खाली ठेवली. भिंतीला पाठ लावली आणि पोटातून ओरडले.

वर एक कडी निघाली. मग दुसरी. मी जिन्याच्या वळणावरून नजर न हलवता मोजत राहिले.