दावं घरी राहिलं

गावाशेजारच्या बंजारा तांड्यावरच्या काकूंनी मला एकटं सोडलं नाही, हे आधी सांगते. आठवीत माझी शाळा सुटली. लग्न होऊन संगमनेरकडून इकडे हट्टा गावाजवळ आले, तेव्हा वडिलांनी सोबत एक संकरित गाय दिली होती. माहेरचं इथं तेवढंच.

तिसऱ्या वेताला ती व्याली आणि खाली बसली ती उठेचना. डॉक्टर येईपर्यंत काकू तिच्या पाठीला पाठ लावून बसल्या, तिला आडवी होऊ दिली नाही. वर मलाच म्हणाल्या, "काहून रडून राहिली? गाय पडली का तुही सासू?"

सलाईन लागलं, गाय उठली. पण पुढे ती गाभण राहीना. सासरे म्हणाले, "तिची पहिल्या वेताची कालवड आता गाभण हाय. दोघींना पुरंल एवढा चारा न्हाई." त्यांचं खोटं नव्हतं.

गोरेगावकडचं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. मी भान नसल्यासारखी दाव्यासकट गाय पुढे केली. काकूंनी तिच्या गळ्यातलं दावं सोडून माझ्या हातात दिलं. "हे देत न्हाईत, पोरी. गोठ्याची बरकत त्याच्यासंगं जाती."

टेम्पोतून गाय हंबरली. आतून कालवडीनं ओ दिली. मी तेच दावं तिच्या गळ्यात बांधलं, गाठ काही केल्या बसेना. ती काकूंनीच मारली.

या कालवडीला पहिली कालवड झाली, की ती काकूंच्या दारात नेऊन बांधीन. दावं मात्र त्यांचं असेल.