गडग्यातली वाट

आचऱ्याच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, मी सुट्टीसाठी घर बांधलं आणि भोवती दगडांचा गडगा घातला. दर शनिवारी एक म्हातारी चार मेंढ्या घेऊन यायची. इथल्या पावसात मेंढ्या टिकत नाहीत म्हणतात. हिच्या टिकल्या होत्या. ती गडग्याचे दगड उतरवायची, मेंढ्या माझ्या अंगणातून पलीकडे न्यायची आणि दगड परत रचायची, माझ्या गवंड्यापेक्षा नीट. मी दोनदा ओरडलो. तिने मान वर केली नाही.

शेवटी तेवढा गडगा मीच पाडला आणि मोठेपणाने म्हणालो, "आजी, तुम्हाला वाट दिली."

"तुमी कोण देणारे? वाट होतीच. गडगो तुमी घातलास."

मग ती सावकाश माझ्या अंगणातून गेली, तिच्या वाटेने.