चोरीवाचून अडलेलं फाटक

आमच्या मागच्या बोळातले कंडक्टरकाका बसलेले कुणी पाहिलेच नव्हते. जेवायचे ते ओट्याला टेकून, चहा प्यायचे तो दारात उभ्याने, आणि दाढीच्या दुकानात खुर्चीवर बसायची पाळी आली की तोंडाला फेस असतानाच दोनदा उठून रस्त्यावर डोकावून यायचे. सगळी नोकरी बसमध्ये उभ्याने झालेली. बसायची जागा ही प्रवाशांसाठी असते, असं त्यांच्या गुडघ्यांनी मनावर घेतलं होतं.

ते निवृत्त झाले तेव्हा काकूंना वाटलं, आता तरी हे दोन घटका समोर बसतील. पण त्याच सुमाराला बोळात कुणीतरी मागून येऊन काकूंची पिशवी हिसकावली. काकू पडल्या, मनगट मोडलं. मनगट पुढे जुळलं, पण काकूंनी मागच्या दाराला कडी लावली ती लावलीच. आणि काकांनी बोळ धरला. कचऱ्याचे डबे, सांडपाण्याचे पाइप आणि वाळत घातलेल्या चादरी यांच्यामधून या टोकाला, त्या टोकाला, पुन्हा या टोकाला. अनोळखी माणूस दिसला की "कुठं जायचं?" असं विचारायचे, आणि तेही अशा सुरात की समोरचा नकळत खिशातले सुट्टे पैसे चाचपायचा.

काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं डोकं डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जाताना बघत. "आमचा संसार म्हणजे बसथांबा," त्या म्हणत. "हे येतात, जातात. थांबत काही नाहीत."

अशी दोनेक वर्षं गेली आणि पालिकेने जाहीर केलं, की बोळांच्या दोन्ही तोंडांना लोखंडी फाटकं बसवायला अनुदान मिळेल, किल्ल्या फक्त राहणाऱ्यांकडे. सगळ्यांत जास्त हरखल्या त्या काकू. "फाटक लागलं की यांची ड्यूटी संपली!" त्यांनी सरळ खुर्चीला नवी उशी शिवायला टाकली. ती शिवणाऱ्या ताई बोळाच्या मधोमध राहतात. त्यांच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे त्या ओठांच्या एका कोपऱ्यातून बोलतात आणि ऐकणारा जरा अंतर ठेवून उभा राहतो. अनुदानाच्या खटपटीचं पुढारपण आपोआपच त्यांच्याकडे गेलं. त्यांच्याशी वाद कोण घालणार?

पालिकेचे साहेब पाहणीला आले, बोळभर हिंडले आणि म्हणाले, "सगळं छान आहे. तीच तर अडचण आहे."

"म्हणजे?" ताई.

"अनुदान गुन्हे होतात त्या बोळांना आहे. तुमच्याकडं वर्षभरात एक तक्रार नाही. शेजारचा बोळ बघा. सायकली गेल्यात, गॅसची टाकी गेली, एक अख्खं कपाट गेलं!"

साहेब हे इतक्या कौतुकाने म्हणाले, की शेजारच्यांची मुलं पहिली आणि आमची नापास झाल्यासारख्या आमच्या माना खाली गेल्या.

संध्याकाळी ताईंच्या जिन्यात बैठक भरली. आपल्याकडे चोरी का होत नाही, यावर गंभीर चर्चा चालू असताना बाहेरून काका गेले. जाता जाता एका मांजरीला "कुठं जायचं?" असं विचारून गेले. मांजर परत फिरली. सगळ्यांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला आणि बैठक उठून काकांच्या घरी गेली.

"काका," ताई म्हणाल्या, "थोडे दिवस घरात बसा ना. एखादी किरकोळ चोरी होऊ दे. मग फाटक लागेल आणि तुम्ही कायमचे मोकळे."

"आणि कुणाला लागलं तर?" काकांनी विचारलं.

"माणसांना कशाला लागेल? आम्ही वस्तू ठेवतो की."

काका कबूल होईनात. शेवटी काकू आतून म्हणाल्या, "माझ्यासाठी बसा. माझ्यासमोर बसून एक पूर्ण कप चहा प्या. आजवर दुसरं काही मागितलंय का मी?" आणि काका बसले.

बसले म्हणजे काय, नव्या उशीवर टेकले. विनातिकीट प्रवासी बसतो तसे, कडेला, एक डोळा दाराकडे. पाय हलतोय, त्या पायाबरोबर टेबल हलतंय, टेबलाबरोबर चहा हलतोय.

"अगं, डबा पडला."

"मांजर असेल."

"मांजर असा डबा पाडत नाही."

"मग दुसरं मांजर असेल. बसा."

बोळात आम्ही मागचं चाक नसलेली एक सायकल कुलपाशिवाय ठेवली होती. ती कुणी नेईना. उलट एका सकाळी तिच्या शेजारी कुणीतरी मोडकी खुर्ची आणून टाकली. चोरांनी आमच्या बोळात यायची सवयच सोडली होती, आणि लोक आम्हाला भंगारवाले समजू लागले होते. काका घरात वाळत चालले. काकूंच्या समोर माणूस होता, पण कपातला अर्धा चहा रोज तसाच राहत होता.

मग एका संध्याकाळी, अजून चांगला उजेड असताना, काकूंनी कप पुढे केला. "आज पूर्ण."

"आज पूर्ण," काका म्हणाले आणि डोळे मिटून प्यायला लागले.

काकूंची नजर सवयीने खिडकीकडे गेली. ताई येत होत्या, खांद्याला पर्स, दोन्ही हातांत कापडाचं गाठोडं. मागून एक माणूस. तो पावलं लांब टाकत होता, आवाज न करता. काकूंनी आपलं मनगट धरलं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणीतरी कुजबुजलं, "झालं मंजूर!"

काकूंनी काकांना हाक मारली नाही. गंजलेली कडी निघेना, तर हातातल्या सांडशीने ती खालून ठोकून वर उडवली आणि सांडशीसकट बोळात उतरल्या.

"ए! कुठं जायचं?"

हुबेहूब काकांचा सूर. त्या माणसाचा हात ताईंच्या पर्सच्या पट्ट्यापर्यंत पोचला होता, तो तिथेच थबकला. तेवढ्यात काकूंच्या मागे काका आले, अंगावर चहा सांडलेला. माणूस पळाला, आमच्या सायकलीला अडखळून पडला, उठला आणि नाहीसा झाला. जाताना सायकलसुद्धा नेली नाही मेल्याने.

ताई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. गाठोडं छातीशी धरून त्या म्हणाल्या, "काकू, दोन मिनिटं थांबला असतात तर मंजूर झालं असतं हो!" आणि काकूंच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागल्या.

पुढे साहेबांना विचारलं, "नुसता प्रयत्न धरतात का?"

"धरतात. पण तो राहणाऱ्यांनी हाणून पाडला, असंही धरावं लागतं. म्हणजे तुमचा बोळ आणखीच सुरक्षित."

फाटक शेजारच्या बोळाला मिळालं. हिरवंगार, भाल्यासारख्या टोकांचं. आमचे लोक संध्याकाळी ते बघायला जातात आणि सुस्कारे टाकून परत येतात. काकांची झोप मात्र पुरती उडाली. "तिकडचे चोर आता इकडंच येणार की! दुसरं कुठं जातील बिचारे?" त्यांच्या येरझाऱ्या दुपटीने वाढल्या.

पण काकूंच्या मागच्या दाराला आता कडी नसते. परवा काकूंनी पायरीवर उशी टाकली, त्यावर काकांना दंडाला धरून बसवलं आणि कप हातात दिला.

"अगं, पण ते टोक बघायचं राहिलंय..."

"तुम्ही चहा प्या. ते टोक मी बघून येते."

आणि सांडशी हातात घेऊन काकू निघाल्या, भिंतीच्या कडेकडेने, डब्यांपाशी जरा थांबून, मग पुढे. काका पायरीवर. गुडघा थडथडतोय, मान ताणलेली, नजर काकूंच्या पाठीवरून हलत नाही. त्या टोकाशी पोचून वळल्या, तेव्हा काकांनी कपाकडे पाहिलं. कप रिकामा होता.