पाय धुऊन पाहायची मालिका

आमचे शेजारी राजूरच्या कोळसा खाणीत कामाला आहेत. ड्युटी संपली की आमच्याकडे मालिका पाहायला येतात आणि आत येण्याआधी अंगणातल्या नळाखाली टाचा घासघासून पाय धुतात. आमच्यासाठी नव्हे, मालिकेतल्या बंगल्याची फरशी पांढरीशुभ्र असते म्हणून. "इतक्या साफ घरात असे पाय घेऊन कसं जावं, सर?" असं ते मला विचारतात. मालिकेतली सासू जिना उतरू लागली की सोफ्यावर जरा सरकून बसतात.

मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे टीव्हीनं खरं आयुष्य दाखवावं असं माझं ठाम मत आहे. ते मी त्यांना वर्षभर ऐकवलं. त्यांचं उत्तर ठरलेलं, "दिवसभर तेच पाहून राह्यलो ना, सर. घरी येऊन पुन्हा कायले?"

शेवटी खाणकामगारांवरची एक मालिका सुरू झाली आणि मी मुद्दाम तीच लावून ठेवली. त्यांनी दारातूनच पडद्यावरचे काळे चेहरे पाहिले, नळाकडे ढुंकूनही न बघता आत आले आणि सोफ्यावर ऐसपैस मांडी घातली.

"पाय राहिले धुवायचे," मी म्हणालो.

"आपलेच लोक आहेत ना, सर. त्याईच्यासमोर कायले धुवाचे?"

सोफ्याचं कव्हर बदामी रंगाचं होतं.

दुसऱ्या दिवशी ते फाटकाशी दिसताच मी घाईघाईनं बंगल्याची मालिका लावली आणि आवाज मोठा केला. अंगणातला नळ सुरू झाल्यावरच मी रिमोट खाली ठेवला.