नथूमास्तरांचा डब्यातला सर्व्हर

पेणच्या नथानियल वाक्रूळकरांइतका हुशार आणि तितकाच धांदरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. गावात सगळे त्यांना नथूमास्तर म्हणत. त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता, त्यात चार मशिनं आणि चालू त्यातली दोन. पेणेत उरलेल्या दोन-तीन बेने इस्रायली, म्हणजे कोकणी ज्यू, घरांतलं एक त्यांचं. भाऊबंद केव्हाच इस्रायलला गेले होते आणि क्लासवर पोट भरत नाही म्हणून बायको ज्युडिथही निघायचं म्हणत होती. शेवटी नवराबायकोत ठरलं, की रोह्याच्या आमच्या कंपनीचं काम मिळालं तर पेणेतच राहायचं, नाही मिळालं तर जायच्या फॉर्मवर सही करायची. गाव सोडायच्या नुसत्या विचाराने मास्तरांचं जेवण तुटलं होतं.

हे अठ्ठ्याण्णव सालचं. काम होतं कंपनीतले तीन कॉम्प्युटर एका सर्व्हरला जोडायचं. मी, निशिगंधा, तिथे टायपिस्ट, खांब गावाहून रोज यायची. कामगारांची हजेरी, रजा, शिफ्टचे तक्ते, तीन वर्षांचं सगळं मी माझ्या मशीनमध्ये भरलेलं. मॅनेजरांनी मास्तरांना बजावलं, "आतल्या डिस्कला धक्का लागता कामा नये. शनिवारी बाराच्या आत चालू करून दाखवा, नाहीतर मी मुंबईची पार्टी बोलावतो."

"धक्का कसला, साहेब?" मास्तर म्हणाले. "मी सर्व्हर बाहेरच्या डिस्कवर टाकतो. चालला तर ठेवा, नाय चालला तर पिशवीत घालून घरी नेतो. शुक्रवारीच उरकतो."

शुक्रवारीच, कारण शनिवारी, म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, ते कामाला हात लावत नसत. त्यांचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून कुलाबा जिल्ह्यात या लोकांना शनवार तेली म्हणत. घाणा गेला, शनवार राहिला.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने मास्तर आले. ज्युडिथबाईंच्या जुन्या साडीत गुंडाळलेला एक डबा, म्हणजे ती बाहेरची डिस्क, त्यांनी काढला आणि जाड केबलने माझ्या मशीनच्या पाठीला जोडला. लगेच वीज गेली, ती साडेतीनला आली. मग मासिकाबरोबर फुकट मिळालेली सर्व्हरची सीडी वाचली जाईना. मास्तरांनी ती शर्टाला पुसली, फुंकली, तिची समजूत घातली. सीडी फिरायला लागली तेव्हा पाच वाजून गेले होते. मास्तर धडाधड बटणं दाबत सुटले. अखेर पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, की निवडलेल्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का?

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. सूर्य कुंडलिका नदीपलीकडे बुडाला होता. तापल्या तव्याला लागल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला. आता मशीन चालवणंही काम आणि बंद करणंही काम.

दुसऱ्याला 'तू कर' म्हणून सांगायचीही त्यांना सोय नव्हती. म्हणून ते आमचा वॉचमन हिरामण याच्याकडे वळून आढ्याशी बोलायला लागले. "काही लोकांना मोठी बटणं दाबायची हौस असते."

"असंल बा," हिरामण म्हणाला.

"ते बटण कोणी दाबलं तर बरं होईल, असं मी म्हणत नाय."

साठीच्या हिरामणच्या डोक्यात उजेड पडला आणि तो भडकला. "मास्तर, तुमच्या आज्याच्या घाण्याचा बैल माझा बाप हाकायचा. शनवारी बैलालाबी सुट्टी, गड्यालाबी सुट्टी. आनि तुम्ही मला बटन दाबाया लावता? मी काय बैलापरीस खाली गेलो?"

मास्तर वरमले. त्यांच्याच धर्मात तसं लिहिलेलं होतं.

मला घरी जायची घाई. "सरका, मी दाबते," म्हणून मी पुढे झाले.

"गो बाय, तुझाबी हात नको. मशिनलाबी सुट्टी!" असं म्हणून हिरामणने त्यावर आपला पंचा टाकला आणि मास्तरांना मुक्कामाला स्वतःच्या घरी नेलं. रात्रभर वीज गेली नाही, हा रोह्यातला वेगळा चमत्कार.

शनिवारी मी आले तर मशीनवर जास्वंदीचं फूल आणि पुढे स्टूल टाकून हिरामण. साडेअकराला मॅनेजर आले आणि पंचा उचलून म्हणाले, "एका बटणाचं तर काम राहिलंय. सरक, मी दाबतो."

"बैल जुपायचा नाय, साहेब."

"ही कंपनी आहे, घाणा नव्हे!"

हिरामण हलला नाही. त्याच्या आकाराचा माणूस हलवणं मॅनेजरांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी तणतणत मुंबईला फोन लावला, पण त्या पार्टीचाही शनिवार अर्धा, कुणी उचलेना. मग मास्तर आले की त्यांना आणि हिरामणला दोघांनाही हाकलायचं म्हणून ते हट्टाने संध्याकाळपर्यंत थांबले. मीही थांबले. असा तमाशा सोडून कोण जातं?

तीन चांदण्या दिसल्यावर मास्तर आले. दिवसभर हिरामणच्या घरचं वालाचं बिरडंही त्यांच्याने गिळवलं नव्हतं. चष्मा लावून त्यांनी पडदा वाचला, पुन्हा वाचला आणि 'नाही'वर जाऊन बटण दाबलं.

"साहेब, ही आतली डिस्क हाय. मशीन आतलीला पहिली धरतं. काल घाईत मी तीच निवडली. बटण दाबलं असतं तर निशिगंधाबाईंची तीन वर्षं गेली असती."

अहो, गप्प बसायचं ना! मला त्यांचा असा राग आला. आणि मग आठवलं, आदल्या दिवशी मीच दाबायला निघाले होते. मॅनेजर स्वतःच्या बोटाकडे बघत होते.

"साहेब," मी म्हटलं, "मुंबईच्या पार्टीने हे तुम्हाला सांगितलं असतं?"

मॅनेजरांनी पंचा घडी करून हिरामणच्या हातात दिला. मग म्हणाले, "काम तुमचं, वाक्रूळकर. उद्या करा. पण वाचून करा!"

मास्तर रडले. हिरामणसमोर, माझ्यासमोर, सगळ्यांसमोर.

रविवारी पहिल्या गाडीने ज्युडिथबाई जेवणाचा डबा घेऊन, दोन रात्री मास्तर घरी नाहीत म्हणून रागावून आल्या. नवऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि प्रत्येक प्रश्न त्यांना मोठ्याने वाचायला लावला. बाहेरच्या डिस्कवर सगळं नीट उतरलं. शेवटी मशीनने विचारलं, घड्याळ कुठल्या गावचं लावू? जगभरातल्या गावांची लांबलचक यादी. मास्तर खाली सरकत गेले, भारताचं म्हणून यादीत असलेलं एकुलतं कलकत्ता मागे टाकून आणखी खाली, आणि जेरुसलेमवर थांबले. तिथून त्यांचं बोट हलेना. भाऊ तिकडे, चुलते तिकडे. ज्युडिथबाईंनी पदराने चष्मा पुसला.

"अहो, पुढं कुठं चाललात? कलकत्ता मागं राहिलं. मागं या."

"पेण नाय गो यात."

"नसू दे. कलकत्ता चालंल."

मास्तर मागे आले आणि त्यांनी बटण इतक्या जोरात दाबलं, की माझा कीबोर्ड टेबलावरून खाली पडला.