अण्णांचा रस, आईचा उपास

नव्वदच्या दशकातल्या एका श्रावणात मी पंचमीला माहेरी आले, तर अंगणातच मिक्सरची घरघर कानावर आली. शिराळ्याकडच्या आमच्या घरात तोवर मिक्सर नव्हता. आत बघते तर वडील, आमचे अण्णा, बनियनवर उभे राहून दुधी भोपळ्याचा रस काढत होते. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, पण घरी आल्यापासून पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांनी कधी हातानं भरून घेतला नव्हता.

साताऱ्याला कुठल्याशा मंगल कार्यालयात शरीरशुद्धीचं शिबिर झालं होतं. तिथल्या गुरुजींनी छातीठोकपणे सांगितलेलं, की पोटात वर्षानुवर्षांचं विष साठलेलं असतं. नुसत्या रसावर राहिलं की ते धुऊन निघतं, आणि सांधे, शुगर, बीपी सगळं पळतं. अण्णांनी आखाडाचं मटण हाणलं आणि दुसऱ्या दिवसापासून रस धरला. श्रावण सरेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, असा नेम.

"लय हलकं वाटतंय गं," ते म्हणाले. वजन उतरलं होतं खरं, पण गालही बसले होते. त्यांचा पलटणीतला जोडीदार, फलटणकडचा, चहा पिता पिता छातीला हात लावून जागच्या जागी गेला होता. तेव्हापासून अण्णा रात्री-अपरात्री उठून बसायचे, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे ओठावर आलेली थट्टा मी गिळली.

पंचमीला आईनं पुरणाची दिंडं उकडली. मी वर तूप ओतून ताव मारला. आई मात्र नुसती वाढत राहिली.

"तू बस की," मी म्हटलं.

"माजा उपास हाय."

"भावाचा उपास काल झाला ना?"

"आज बी धरलाय."

मग सोमवार आला, शुक्रवार आला. श्रावणात बाईला कारण कमी पडत नाही, आणि बाई जेवली नाही तर कुणी विचारतही नाही. उलट कौतुक होतं. उपासाची खिचडीसुद्धा ती करायची नाही. चहावर चहा चालायचा. मीही म्हटलं, वय झालं, देवाधर्माचं वेड लागलं असेल.

शनिवारी सकाळी धुणं वाळत घालता घालता ती दोरीलाच लोंबकळली. घामानं निथळत होती, काहीतरी असंबद्ध बोलत होती, आणि मग मटकन खाली बसली ती बोलेचना. शेजारच्यांच्या जीपमधून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. अण्णा वाटभर तिचा हात धरून होते.

डॉक्टरांनी रक्तातली साखर बघितली, ती पार उतरली होती. त्यांनी लगेच शिरेतून ग्लुकोज सोडलं. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले.

"शुगरची गोळी रोज घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय, न चुकता."

"आणि जेवता काय?"

आई अण्णांकडं न बघता म्हणाली, "ह्यांच्या आधी मी कवा जेवलीय?"

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथं ओलंच आधी जळायला निघालं होतं. डॉक्टर अण्णांवर उखडले. "आवं सुभेदार, आतली घाण काढायला लिव्हर आणि किडनी हायत की! बिनपगारी राबत्यात. तुमचं उतरलंय ते वजन, इष न्हवं. आन् गोळी घेऊन उपाशी ऱ्हायल्यावर ह्यांचं काय हुणार?"

"मी तिला उपास धर म्हणलं न्हवतं," अण्णा पुटपुटले.

डॉक्टरांनी बजावलं, गोळीचा अंमल अजून आहे, साखर पुन्हा उतरेल, आत्ताच्या आत्ता पोटात काहीतरी जाऊ द्या. मी बिस्कीट चहात बुडवून तिच्या ओठाशी नेलं. तिनं तोंड फिरवलं.

"ह्यांचा नेम हाय अजून."

"आई, मरशील गं!" मी ओरडलेच.

अण्णांनी माझ्या हातातलं बिस्कीट घेतलं. क्षणभर त्याच्याकडं बघत राहिले. ज्या भीतीपायी नेम धरला होता, ती काही गेली नव्हती. मग त्यांनी ते तोंडात टाकलं, चावलं, गिळलं आणि लहान पोरासारखा आ करून तिला दाखवला.

"खाल्लं बग. आता तू खा."

तेव्हा कुठं तिनं तोंड उघडलं.

पुढं मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी व्हायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून अण्णा सकाळी कॅनॉलच्या कडेनं चालायला जायचे. आईला ते रोज म्हणायचे, "आदी तू जेव." ती त्यांच्या समाधानाला एक घास घ्यायची, तोही पाठ करून, आणि उरलेलं ताट झाकून ठेवायची. अण्णांच्या आधी काही ती जेवली नाही. तासभर गप्पा हाणत जेवणारे अण्णा मग भराभर जेवायला लागले.